कळलावीची उंची, दोन इंच वजा करून

बाई, तुमची कळलावी यंदा अकरा फुटांवर गेली. नेमकं सांगायचं तर अकरा फूट एक इंच. स्टुलावर चढून मोजली. टेप तीनदा लावावी लागली, म्हणून तीनदा दोन-दोन इंच वजा केले आणि मगच आकडा लिहिला. टेप तीच आहे, तुमची शिवणकामाची पिवळी, पहिले दोन इंच झिजून तुटून गेलेली. आता ती पिवळीही राहिली नाही, चहाचं फडकं असावं तशी दिसते. रोपवाटिकेत येणारी माणसं हसतात, म्हणतात, नवी टेप का घेत नाही? मी म्हणते, हिला वजाबाकी येते. ते आणखी हसतात. हसू देत. या पंचक्रोशीत कळलावीबद्दल काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडेच येतात आणि मी सांगितलेला आकडा कोणी दुसऱ्यांदा तपासून बघत नाही. हे मी फुशारकीनंच सांगते आहे. तुमच्यापुढे नाही मारायची फुशारकी तर कुणापुढे मारायची?

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे, हे मागच्या महिन्यात हिशेब करताना लक्षात आलं आणि जरा चमत्कारिक वाटलं. माझ्या मनात तुम्ही अजून माझ्यापेक्षा मोठ्या आहात, उंच आहात, पदर कमरेला खोचून शाळेच्या पायरीवर उभ्या आहात. गावात तुम्हाला सगळे 'नगरच्या बाई' म्हणायचे. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. त्यामुळे तुम्हीही नगरच्याच राहिलात. अकोले तालुक्यातल्या या डोंगराकडच्या गावात बदली म्हणजे शिक्षा, असं बाकीचे गुरुजी मानायचे. आले की पहिल्या दिवसापासून परतीचे अर्ज लिहायचे. तुम्ही आलात आणि दुसऱ्या रविवारी आम्हाला घेऊन रानात गेलात, कुठलं झाड काय म्हणतं ते विचारायला. नाताळला तेवढ्या घरी जायच्यात आणि येताना पत्र्याच्या डब्यात करंज्या आणायच्यात. आईला तुमच्या करंज्यांचं मोठं नवल वाटायचं. "दिवाळी सरून दीड म्हयना झाला आन् ह्या बाईंची आत्ता दिवाळी," असं म्हणत ती एक करंजी पदराखाली लपवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खायला.

बिया तुम्ही मला पहिल्यांदा दाखवल्यात त्या तुमच्या खोलीतल्या चुलीपाशी. चूल म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीखाली ओट्यासारखा एक दगड आणि त्यावर तुमची तीन भांडी. मी वर्गाच्या किल्ल्या द्यायला आले होते. तुम्ही चहा उकळत होतात आणि खिडकीत स्टीलच्या वाटीत लालभडक दाणे वाळत होते. मला वाटलं डाळिंबाचे. मी एक उचलला, तोंडाकडे नेला आणि तुम्ही माझ्या हातावर अशी चापट मारलीत की दाणा उडून स्टोव्हच्या मागं गेला. तुमचा मार मला तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा बसला. "विषारी आहे ती. कळलावी. बी, पान, कंद, सगळं विषारी. आधी हात धू." मी हात धुतले आणि रडले. मग तुम्ही मला अर्धा कप चहा दिलात आणि त्या झाडाचं सगळं सांगितलंत. रानाच्या कडेला झुडपांच्या आधारानं कसं चढतं, पानांच्या टोकांनाच आधार धरायचे तंतू कसे फुटतात, फूल मान खाली घालून उमलतं पण पाकळ्या मात्र उलट्या वर वळतात, खाली पिवळ्या आणि वर लाल. "पण बी लावल्यापासून फूल यायला किती दिवस लागतात, हे इथं मला कुणी सांगू शकलं नाही," तुम्ही म्हणालात. "सगळे कंद उकरून आणतात. बी लावायला वेळ कुणाला आहे? आपण लावू. माझा अंदाज, चार पावसाळे."

म्हणून चौथीच्या वर्गात आम्ही सातजण आणि दूध पावडरीचे सात डबे. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली, प्रत्येकात एकेक बी लावलं. महिना गेला, काही नाही. कुणी उकरून बघितलं, कुणी कंटाळलं, एकानं त्याच डब्यात झेंडू लावला. आषाढ संपताना फक्त माझ्या डब्यात हिरवं टोक दिसलं. मी अख्ख्या आळीत सांगत फिरले. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा तुमचा नियम. वहीला तुम्ही चार रकाने आखून दिले होते, वार-तारीख, उंची, पानं आणि शेरा. टेप द्यायच्या आधी दरवेळी विचारायच्यात, "किती वजा करायचे?" आणि मी ओरडायची, "दोन!"

गणपतीपर्यंत रोप तीन इंचांवर आलं आणि तिथंच बसलं. एक शनिवार तीन, दुसरा शनिवार तीन, तिसरा शनिवार तीनच. मला वाटलं दोष माझाच, मी पाणी चुकीचं घालते, मी नजर लावली. गंगेवरून कुणी आणलेलं पाणी आईच्या देव्हाऱ्यात होतं, त्यातलं झाकणभर चोरून घातलं. तरी तीनच. मग चौथ्या शनिवारी मी टेप लावली, पाचचा आकडा दिसला आणि वजा करायचं 'विसरले'. पाच लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'छान वाढ.' अक्षरसुद्धा नेहमीपेक्षा चांगलं काढलं होतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतः टेप घेतलीत, उकिडव्या बसलात, मोजलंत आणि वर बघून म्हणालात, "अगंबाई, हे आटलं की काय? धुतल्यावर कापड आटतं, तसं रोपही आटलं पावसात?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, वाटलं सुटले. वर्ग घरी गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "दोन वजा केले होतेस?" "हो बाई." "बघ माझ्याकडे." मी बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "रोप चार आठवडे थांबलंय, ते काहीतरी करत असणार म्हणून थांबलंय. तू पाच लिहिलंस म्हणजे त्यानं जे केलं ते पुसलंस. वाढलं नाही तर 'वाढलं नाही' असं लिहायचं. वहीत झाडाच्या नावानं खोटं लिहायचं नाही." मी पाच खोडून तीन केलं. ती खाडाखोड अजून आहे वहीत, पहिल्याच पानावर.

आणि रोप खरंच काहीतरी करत होतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडलं, वाळलं, डब्यात नुसती माती राहिली. मी डबा घेऊन रडत तुमच्याकडे आले. तुम्ही वर्तमानपत्रावर माती ओतलीत, बोटांनी चाळलीत आणि त्यातून भुईमुगाच्या दाण्याएवढा, जरासा वाकडा कंद काढून माझ्या तळहातावर ठेवलात. "हे बघ, कुठं गेली तुझी वाढ." मला त्या वेळी झालेला आनंद नंतर लग्नातही झाला नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं आहे. तो हसून सोडून देतो. आज कुणी बी लावून तीन महिन्यांत फोन करतं, "ताई, तीन-चार इंचांवरच अडलंय," तेव्हा मी सांगते, अडलं नाही, खाली भरतंय. पहिल्या वर्षी एवढंच. वरून वाळलं तरी डबा फेकू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही डबा माझ्या घरी पाठवलात, कंदाला मोठी जागा हवी म्हणून. आईनं दारातच अडवलं. कळलावी घराजवळ लावली की घरात भांडणं लागतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. "घरात आधीच तुझा बाप हाय भांडाया, अजून ही कशाला? आन् इखारी हाय ती, शेरडं खात्याल." शेवटी तुम्ही स्वतः आलात, आईच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्लीत आणि म्हणालात, "घराजवळ नको, मागच्या कुंपणात लावू. भांडण लागलं तर शेजाऱ्यांशी लागेल." आई इतकी हसली की तवा उतरवायचा राहिला. परवानगी मिळाली. कुंपणात करवंदीची जाळी होती, शेरडं तिकडं तोंड घालत नव्हती. तुम्ही खड्डा केलात आणि मी कंद ठेवला.

दुसऱ्या पावसाळ्यात ते वीतभर झालं, नऊ इंच. तिसऱ्यात माझ्या कमरेला लागलं आणि पानांच्या टोकांना पहिल्यांदा ते तंतू फुटले. त्यातल्या एकानं करवंदीची काडी धरली होती, ती बघायला मी तुम्हाला वर्गातून ओढत घरी आणलं होतं. तुम्ही चष्मा पुसून पुसून बघत होतात. वहीच्या त्या शनिवारच्या शेऱ्यात तुमच्या हातचं एकच वाक्य आहे, 'आज हिनं पहिल्यांदा काहीतरी धरलं.' त्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले तेव्हा तुम्ही मला पुढं उभं केलंत आणि वहीतलं वाचायला लावलंत. साहेबांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" तुम्ही म्हणालात, "साहेब, ही मुलगी आता अंदाजानं बोलत नाही." एवढं कौतुक माझं पुढं कुणी केलं नाही आणि मला त्याची कमतरताही वाटली नाही.

आज माझी रोपवाटिका त्याच कुंपणाच्या पलीकडं आहे. गावातल्या बायका मिळून चालवतो. रानातला एकही कंद आम्ही उकरत नाही, सगळं बियांपासून. गेल्या वर्षी शहरातला एक नर्सरीवाला आला होता. रोपं त्याला आवडली, पाटी आवडली नाही. पाटीवर मी लिहिते, पूर्ण उंची सहा ते दहा फूट, आधार मिळाला तर, भर पावसात आठवड्याला फूटभर वाढते, पण ती मोठ्या कंदाची गोष्ट, बियांपासून पहिल्या वर्षी तीन-चार इंच, फुलासाठी चार-पाच पावसाळे, सर्वांग विषारी. तो म्हणाला, "मॅडम, एवढं वाचून कोण घेणार? 'झटपट वाढ, पहिल्याच वर्षी फुलं' असं टाका ना." मी म्हटलं, "पहिल्या वर्षीची फुलं हवी असतील तर प्लास्टिकची घ्या." माझ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तो गेला. दोन महिन्यांनी फोन आला, पाटीसकट रोपं पाठवा म्हणून. त्या दिवशी तुम्ही हव्या होतात. मी टेप गळ्यात अडकवून दिवसभर मिरवत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. संगमनेरच्या एका कॉलेजातले सर आणि त्यांची मुलं गेल्या आठवड्यात आली होती. डोंगरातल्या झाडांची एक पुस्तिका ते काढताहेत आणि कळलावीचं पान तुमच्या वहीवरून करणार आहेत. बी लावल्यापासून दर शनिवारी मोजलेलं रोप आणि तेही शाळकरी पोरीनं, असं त्यांनी कुठं पाहिलेलं नाही. सरांनी वही हातात घेतली तेव्हा माझे कान तापले, एवढा अभिमान वाटला. मी त्यांना नेहमीची गोष्ट सांगितली. गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगते तीच, की बाईंचा अंदाज होता चार पावसाळे आणि बरोबर चौथ्या पावसाळ्यात, बाई दवाखान्यात असताना, फूल आलं; बाई ते ऐकून गेल्या. मुलांनी लिहून घेतलं. मग त्यांच्यातली एक चुणचुणीत मुलगी पानं उलटताना थांबली आणि म्हणाली, "ताई, इथं शेरा लिहायचा राहिलाय. सगळ्या शनिवारी शेरा आहे, फक्त इथंच नाही." मी म्हटलं, "राहिला असेल." सोमवारी ते वही न्यायला येणार आहेत.

राहिला नव्हता, बाई. तो शनिवार मला आज सकाळइतका लख्ख आठवतो. तुम्हाला संगमनेरच्या दवाखान्यात नेऊन तीन आठवडे झाले होते. शाळेत दुसरे गुरुजी आले होते. सकाळी मी कळलावी मोजली, चार फूट दोन इंच. प्रत्येक पानाची बगल तपासली. कळी नाही, कळीचा मागमूस नाही. मग वडिलांबरोबर दुधाच्या टेम्पोत बसून तुमच्याकडे आले. तुम्ही खाटेवर आहात आणि मला ओळखायला क्षणभर वेळ लागतो आहे, तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताहेत. वडील दारात टोपी हातात घेऊन उभे आहेत. तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "किती झाली?" मी सांगितलं, चार फूट दोन इंच. "दोन वजा केलेस?" "केले, बाई." हे खरं होतं. मग तुम्ही विचारलंत, "कळी?" आणि मी म्हटलं, "फूल आलंय बाई. एक."

कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक. तुमचा चेहरा एकदम उजळला आणि मग मागं फिरता येईना. "रंग?" तुम्ही विचारलंत. मी तुमचंच, स्टोव्हपाशी ऐकलेलं, तुम्हाला परत केलं. खाली पिवळा, वर लाल, मान खाली, पाकळ्या वर. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मी वाट बघत होते, आता तुम्ही 'बघ माझ्याकडे' म्हणणार. तुम्ही म्हणाला नाहीत. माझा हात धरलात, हातावर थोपटलंत, अगदी चौथीत चापट मारली होतीत त्याच जागी, आणि म्हणालात, "चार पावसाळे. बघ, आपला अंदाज खरा ठरला. लिहून ठेव हं." मी मान हलवली. परत येताना वडील टेम्पोत एवढंच म्हणाले, "बरं केलंस." आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

त्या संध्याकाळी वही उघडली होती. तारीख घातली, उंची घातली, पानं मोजलेली घातली. शेऱ्यापाशी पेन थांबलं. 'फूल नाही' लिहावं तर तुम्ही बऱ्या होऊन आलात की वाचणार. 'फूल आलं' लिहावं तर तुमचा नियम मोडतो. म्हणून कोरं ठेवलं. त्यानंतर या वहीत मी काही लिहिलंच नाही. फूल पुढच्या वर्षी आलं, पाचव्या पावसाळ्यात, साडेसहा फुटांवर, एक नाही, तीन. मी त्या तीन फुलांपुढं जमिनीवर बसून ढसाढसा रडले. आई मागं येऊन उभी राहिली. खरं काय ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, कुंपण तिचंच होतं. ती म्हणाली, "तुझ्या बाई लई हुशार हुत्या. त्यांनी वळाखलं न्हाई, असं नगं समजू." पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही आणि मी गोष्ट सांगायला लागले की उठून चुलीकडं जायची.

मला वाटतं आई बरोबर होती. तुम्ही ओळखलं होतं. माझ्या तोंडावरचं खोटं तुम्हाला दिसलं नाही असं कधी झालंय? मग 'लिहून ठेव' का म्हणालात, याचा मी अनेक वर्षं विचार केला. परीक्षा घेत होतात की मला सोडवत होतात, ते कळलेलं नाही. एवढं मात्र ताठ मानेनं सांगते, तुम्हाला मी खोटं सांगितलं पण झाडाच्या वहीत लिहिलं नाही. चौथीतली ती मुलगी तेवढी तरी सुधारली होती.

आज सकाळी त्या चुणचुणीत मुलीला फोन केला. म्हटलं, मी सांगितलेली गोष्ट खोडा, पाचवा पावसाळा लिहा. ती म्हणाली, "पण ताई, ती गोष्ट किती छान होती." मी म्हटलं, "हो. पण झाडानं पाच लावले." आता अख्ख्या तालुक्याला कळेल की मी इतकी वर्षं काय सांगत होते. कळू दे. तुमचा अंदाज एका वर्षानं चुकला होता बाई, आणि डब्यात वाढलेल्या कोवळ्या कंदाबद्दलचा अंदाज या कातळावरच्या मातीत एवढाच चुकला, याचाही मला अभिमान आहे.

वही समोर आहे. तो रकाना मी आत्ता भरला. 'कळी नाही, फूल नाही. बाईंना मात्र आलं म्हणून सांगितलं.' रकाना लहान आहे, दुसरं वाक्य बाहेर गेलं. हे पत्र याच पानात घडी करून ठेवणार होते, पण सोमवारी वही जाणार, तेव्हा ते टेपच्या डब्यात ठेवते. आणि एक सांगायचं होतं. तुम्ही आज पुन्हा त्या खाटेवरून विचारलंत ना, "कळी?", तर आज आकडे, पाट्या, पुस्तिका सगळं माहीत असूनही मी हेच सांगेन, बाई, फूल आलंय.